सुई शून्यावर होती

हे मी चौकशी समितीसमोर दोनदा सांगितलं आहे. एकदा तोंडी, एकदा लेखी. दोन्ही वेळा खाली सही केली. त्यामुळे इथं मीठ-मसाला लावून सांगायचं मला काही कारण नाही.

तुम्हाला खोटं वाटलं तर वाटू द्या. हे खोटं असतं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला असता.

मागच्या वर्षीचा एप्रिल. बावीस तारीख, सोमवार. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं.

रात्र नव्हती. वर रखरखीत ऊन होतं.

बुलडाण्याहून मलकापूरला निघालं की राजूर घाट लागायच्या थोडं आधी एक कच्चा रस्ता टेकडीवर चढतो. नेमका फाटा सांगत नाही. टेकडीवर एक उंच टॉवर आहे आणि टॉवरच्या पायाशी एक खोली. लोखंडी दार, एक छोटी खिडकी, आत यंत्रं.

मी हर्षल. धाडचा. त्या यंत्रांवर कंत्राटी टेक्निशियन होतो.

आपल्या जिल्ह्यावरून दिवसभर विमानं जातात. पस्तीस हजार फुटांवरून पांढरी रेघ ओढतात आणि निघून जातात. त्या वैमानिकांशी बोलणारी माणसं लांबच्या शहरात एका बंद खोलीत पडद्यासमोर बसतात. त्यांना कंट्रोलर म्हणतात. त्यांचा आवाज लाइनवरून आमच्या टेकडीवर यायचा आणि टॉवरवरून वर विमानात जायचा.

कंट्रोलरचं मुख्य काम एकच. अंतर ठेवणं. दोन विमानांमध्ये वर-खाली हजार फूट, नाहीतर मागं-पुढं ठरलेले मैल. समोरासमोर येणारी दोन विमानं मिनिटाला पंचवीस किलोमीटरच्या वर जवळ येतात. म्हणजे चूक सुधारायला वेळ किती मिळतो, ते तुम्हीच बघा.

एरवी त्या खोलीत माणूस लागत नाही. पण त्या वर्षी बॅटऱ्या बदलायचं काम निघालं होतं. म्हणून मी रोज नऊ ते सहा तिथं. सोबत चौकीदार उकंडराव, साठीचे. खोलीत एक स्पीकर होता. त्यावर वैमानिक आणि कंट्रोलर, दोघांचं बोलणं दिवसभर ऐकू यायचं.

आणि एक थेट फोन. रोज सकाळी लाइन तपासायची, तो उचलून कंट्रोलरशी दोन शब्द बोलायचे.

पहिल्याच दिवशी पलीकडून एक मुलगी स्वतःशीच पुटपुटली, "हे काऊन खरखर करून राह्यलं?"

मला हसू आलं. "मॅडम, तुम्ही आमच्याकडच्या का?"

"वडनेर भोलजीची. तुम्ही?"

"धाडचा."

"मंग मॅडम नका म्हणू, दादा. महामाया नाव आहे माह्यं."

तेव्हापासून रोज सकाळी "जय भीम, दादा" यायचं, मी "जय भीम, ताई" म्हणायचो. आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. पण तिचा आवाज मी रोज आठ-आठ तास ऐकत होतो. तिच्या गावातून त्या खुर्चीपर्यंत पोचलेली ती पहिली. आई जनकाबाई मजुरीला जायची, तिनं एका लेकीला इतकं शिकवलं. हे सगळं मला त्या दोन-दोन मिनिटांच्या फोनवर कळलं.

पहिल्यांदा झालं ते चार एप्रिलला.

मी जमिनीवर बसून वायरी सोलत होतो. स्पीकरवर महामायाचा आवाज आला. रेडिओवर इंग्रजीच चालतं, मी मराठीत सांगतो. तिनं एका विमानाला पस्तीस हजारांवरून चौतीस हजारांवर यायला सांगितलं.

वैमानिकानं तेच परत म्हणून दाखवलं. तसा नियम आहे.

आणि लगेच महामाया ओरडली, "नाही. मी खाली या म्हणालेच नाही. पस्तीसवरच राहा. खाली दुसरं विमान आहे."

"मॅडम, आत्ताच तुम्ही सांगितलं."

"मी नाही सांगितलं."

"आम्ही दोघांनी ऐकलंय, मॅडम. तुमचाच आवाज होता. तक्रार करावी लागेल."

तो भांडत होता, ती भांडत होती. दोघंही खरं बोलत होते.

कारण मी ऐकलं होतं. तिचाच आवाज होता.

पण मी अजून एक गोष्ट पाहिली होती...

कंट्रोलर बोलला की आमच्या ट्रान्समीटरवरची, म्हणजे आवाज वर पाठवणाऱ्या सेटवरची, सुई उठते. बोलणं थांबलं की पडते. ती "चौतीस हजार" म्हणाली तेव्हा माझी नजर सहज सुईवर गेली होती.

सुई शून्यावर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "दादा, काल दुपारी तुमच्याकडं माहा आवाज कसा आला? काही वेगळं वाटलं का?"

मी म्हणालो, "नाही, ताई. सगळं नॉर्मल होतं."

सुई बिघडली म्हणून लिहिलं असतं तर सेट माझ्या नावावर नादुरुस्त पडला असता. कंत्राट जूनमध्ये संपत होतं. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून मला सोडत नाही.

तिच्या रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य नव्हतं. वैमानिक मात्र शपथेवर सांगायला तयार होता. तिला लेखी समज मिळाली.

बारा तारखेला दुसऱ्यांदा झालं.

या वेळी दोन विमानं एकामागं एक होती. मागच्याला आवाज म्हणाला, वेग वाढवा.

मागचा वैमानिक वैतागला. "पुढचं विमान आम्हाला डोळ्यांनी दिसतंय. अंतर आधीच कमी आहे. अजून वेग कसा वाढवू?"

"वेग वाढवा," आवाज पुन्हा म्हणाला. अगदी शांतपणे.

मग महामायाचा आवाज आला, घाबरलेला. "कोणी सांगितलं वेग वाढवायला? कमी करा. कमी करा."

"मॅडम, तुम्ही स्वतः काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का?"

उकंडराव दारात उभे होते. हातात पाण्याची बाटली. त्यांना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. पण ते स्पीकरकडे बघत हळूच म्हणाले...

"सायेब, थे पयले बोलली थे ती पोरगी नोहे."

"म्हणजे?"

"तिचा दम ऐकू येते ना आपल्याले. बोलाच्या आंधी दम घेते ती. थे पयली, बिना दमाची बोलून राह्यली."

मी दोन महिने ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. बटण दाबलं की आधी श्वास येतो, मग शब्द. प्रत्येक माणसाचा येतो.

त्या आवाजात श्वास नव्हता.

मी लगेच फोन उचलला आणि तिला सगळं सांगितलं. सुईचं. श्वासाचं. चार तारखेला खोटं बोललो, तेही.



"दादा, तवाच सांगितलं असतं तं..." एवढंच म्हणाली. पुढं रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी साहेबांना कळवलं. साहेब म्हणाले, उन्हात डोकं फिरलंय तुझं, दोन दिवस सुट्टी घे. एक माणूस येऊन सुई तपासून गेला. सुई चांगली होती. सेट चांगला होता. वायरिंग चांगलं होतं. आसपास कोणी दुसरा रेडिओ वापरतंय का, तेही बघितलं. काही सापडलं नाही.

महामायानं तिकडं सांगितलं तर तिला डॉक्टरांकडे पाठवायची गोष्ट निघाली. ती घाबरली. एकदा डोक्याचा शिक्का बसला की ती खुर्ची गेली.

"दादा, एक करा," ती म्हणाली. "पुन्हा ऐकू आलं की त्याच क्षणी मले फोन करा. मी उचलतेच. निदान मले कळंल तरी."

मी हो म्हणालो.

नियमात ते बसत नव्हतं. आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आता बावीस तारीख.

सकाळपासून वारा नव्हता. टेकडीखाली मोर असतात, दिवसभर ओरडतात. त्या दिवशी दुपारनंतर एकही ओरडला नाही. उकंडराव बाहेर कडुनिंबाखाली आडवे झाले होते. मी खोलीत होतो. गरम हवा आत येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं होतं.

तीन चाळीसला स्पीकरवर खरखर थांबली.

खरखर कधी थांबत नाही. बारीक का होईना, असतेच...

"सात-एक-चार, खाली या. चौतीस हजार."

सुई शून्यावर.

मी फोन उचलला. पहिल्या रिंगला तिनं घेतला.

"ताई, आलं."

"कोणाले सांगितलं?"

"सात-एक-चार. चौतीसवर बोलावलंय."

एका कानात तिचा श्वास. दुसऱ्या कानात स्पीकरमधून तिचाच आवाज, शांत, सपाट. "सात-एक-चार, खाली या. चौतीस हजार."

"दादा," ती म्हणाली. "मी तं तुमच्याशी बोलून राह्यले."

मग तिनं पडदा पाहिला असावा.

"खाली येऊन राह्यलं ते. चौतीसवर समोरून दुसरं आहे. साठ किलोमीटर."

साठ किलोमीटर म्हणजे दोन मिनिटं.

तिनं बटण दाबलं. माझ्यासमोर सुई उठली. "सात-एक-चार, पस्तीसवर परत जा. समोरून विमान आहे."

वैमानिकाचा आवाज चिडलेला होता. "मॅडम, आधी खाली म्हणता, मग वर म्हणता. आमच्यामागं दीडशेच्या वर माणसं बसलीयत. एकदा नक्की सांगा."

ती उत्तर देणार, तेवढ्यात...

"आधीची सूचना चुकीची होती. खाली या."

सुई शून्यावर.

"ठीक आहे. खाली येतोय," वैमानिक म्हणाला.

फोनवर महामाया किंचाळली नाही. तिचा आवाज उलट अगदी हळू झाला. "दादा, तुमचा सेट बंद करा. मी दुसऱ्या टॉवरवरून बोलते."

मी मेन स्विच खाली ओढला. बॅटरीचाही काढला. दिवे गेले. पंखा थांबला. यंत्रांची घरघर थांबली. स्पीकरचा लाल दिवा विझला. फोन तेवढा चालू होता, त्याला वीज लाइनवरूनच यायची.

मी मोकळा श्वास घेतला.

आणि त्या बंद स्पीकरमधून...

"सात-एक-चार, खाली या."

 मी स्पीकरची वायर ओढून काढली. तुटकी वायर माझ्या हातात होती. आवाज चालूच होता.

फळीवर हातात धरायचा छोटा रेडिओ होता, तपासणीचा. मी तो चालू केला. त्यावर वैमानिक बोलताना ऐकू आला.

"मॅडम, तुमचा आवाज तुटतोय. नीट ऐकू येत नाही."

फोनवर महामाया म्हणाली, "माहा आवाज पोचत नाही दादा. तिचाच पोचते. तेहतीस किलोमीटर राह्यलं. मी काय करू? सांगा ना, मी काय करू?"

मला काय माहीत, काय करायचं. मी वायरी जोडणारा माणूस. मला त्या रेडिओवर बोलायची परवानगीसुद्धा नव्हती.

मी एका हातात छोटा रेडिओ धरला, दुसऱ्या हातात फोन. रेडिओचं बटण दाबलं आणि फोनचा रिसीव्हर त्याच्या माइकला टेकवला.

"बोला ताई. आता बोला. जोरात बोला."

ती बोलली. खोलीत एकाच वेळी दोन महामाया बोलत होत्या. एक माझ्या मुठीत, रडवेली, धापा टाकत. एक बंद स्पीकरमध्ये.

मी बटण सोडलं. वैमानिकाच्या मागं विमानातलं एक यंत्र ओरडत होतं. समोरून विमान जवळ आलं की ते यंत्र आपोआप सांगतं, वर जा की खाली जा.

"आमचं यंत्र वर जा म्हणतंय," वैमानिक म्हणाला. आता तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. "तुम्ही खाली या म्हणता. तुम्हीच वर जा म्हणता. मॅडम, दोन आवाज येतायत आणि दोन्ही तुमचेच आहेत. मी कोणाचं ऐकू?"

मी बटण दाबून पुन्हा फोन टेकवला.

एक क्षण काहीच नाही. मग महामायानं रेडिओची ती ठरलेली इंग्रजी सोडली आणि हिंदीत म्हणाली...

"कॅप्टन, मेरी मत सुनो. दोनों की मत सुनो. मशीन की सुनो. बस मशीन की सुनो."

कंट्रोलरनं वैमानिकाला असं सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. माझं ऐकू नका.

स्पीकर गप्प झाला.

वैमानिकही गप्प.

मी मनात आकडे मोजत होतो. अकरापर्यंत मोजले ते आठवतं.

"वर चाललोय."

मग नुसता यंत्राचा ओरडा. मग एक मोठा श्वास.

"गेलं. आमच्या खालून गेलं. देवा... खिडक्या दिसल्या त्याच्या."

मी खाली बसलो. फोनवर महामाया रडत होती. तिच्या मागं कोणीतरी विचारत होतं, तू कोणाशी बोलतेयस, फोन कोणाचा आहे, हेडफोन काढ. मग लाइन कट झाली.

आता खोलीत पूर्ण शांतता होती. वीज नाही. बॅटरी नाही. छोट्या रेडिओचं बटणही मी बंद केलं.

मला वाटलं, संपलं.

"खाली या. तीस हजार."

तो आवाज आता कोणत्याच विमानाचं नाव घेत नव्हता.

मध्ये थोडं थांबणं. कोणीतरी तिकडून उत्तर देतंय आणि ते मला ऐकू येत नाही, तेवढं थांबणं.

"खाली या. वीस हजार."

थांबणं.

"खाली या. दहा हजार."

मला उठता येत नव्हतं.  खिडकीतून ऊन आत येत होतं, त्यात धूळ तरंगत होती. सगळं रोजच्यासारखं होतं.

"पाच हजार."

"तीन हजार."

"बावीसशे दहा. तिथंच थांबा."

त्या टेकडीची उंची समुद्रसपाटीपासून बावीसशे दहा फूट आहे. दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

मी दाराकडे बघितलं. लोटलेलं दार आता घट्ट लागलेलं होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. मग दाराच्या पलीकडून, अगदी फटीजवळून, हळू आवाजात, आमच्या बोलीत...

"हर्षलदादा, दार उघडा."

महामायाचा आवाज. रोज सकाळचा.

मी उठलो नाही. उत्तर दिलं नाही. तोंडावर दोन्ही हात दाबून बसलो.

"दार उघडा ना, दादा."

मग कडी वाजली आणि दार बाहेरून उघडलं. मी डोळे मिटले.

"सायेब?"

उकंडराव होते. घामेघूम. ते आत आले नाहीत. उंबऱ्यावरच थांबले.

"वरती पाह्यलं का तुमी? दोन इमानं एकच झाल्यावानी दिसले मले." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "काय झालं? कायले इतक्या हाका मारून राह्यले होते मले?"

"मी?"

"हाव. तुमीच ना. कितीकदा म्हणलं तुमी, उकंडराव दार उघडा, दार उघडा. म्हणून तं धावत आलो."

मी तोंड उघडलं नव्हतं.

मी त्यांना विचारलं, माझा दम ऐकू आला का?

ते माझ्याकडे बघतच राहिले. आम्ही दोघं तिथून मोटारसायकलवर खाली आलो.  उकंडराव दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. निरोप पाठवला की दार त्यांनी उघडायला नको होतं.

मे महिन्यात चौकशी बसली.

मी मोठ्या आशेनं गेलो. मी एकटाच साक्षीदार होतो, जो छातीवर हात ठेवून सांगू शकत होता की तो आवाज आला तेव्हा महामाया माझ्याशी फोनवर बोलत होती. म्हणजे तो तिचा नव्हता. मला वाटलं, तिला मी वाचवणार.

सगळं सांगितलं. समितीतले एक गृहस्थ लिहून घेत होते. ते थांबले आणि म्हणाले, "म्हणजे दोन विमानं समोरासमोर येत असताना कंट्रोलर खासगी फोनवर बोलत होत्या, असं तुम्ही म्हणताय?"

"साहेब, खासगी नाही. आवाज आला म्हणून..."

"फोनवर होत्या की नव्हत्या?"

"होत्या."

"वैमानिकाला, माझं ऐकू नका, असं त्या म्हणाल्या की नाही?"

"म्हणाल्या. पण म्हणून तर विमान..."

"धन्यवाद."

रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज नव्हता. विमानातलं रेकॉर्डिंग पुढच्या प्रवासात पुसलं गेलं होतं. वैमानिकानं सांगितलं, सूचना त्याच बाईंनी दिली, आवाज शंभर टक्के त्यांचाच. तो खोटं बोलत नव्हता. महामाया म्हणाली, मी दिली नाही. तीही खोटं बोलत नव्हती. आणि मी खरं बोललो, त्या खऱ्यानंच तिला बुडवलं.

तिला कामावरून काढलं.

माझं कंत्राट पुढं वाढलं नाही. मी आता मलकापुरात एका इन्व्हर्टरच्या दुकानात काम करतो.

मागच्या महिन्यात मी पहिल्यांदा वडनेर भोलजीला तिच्या घरी गेलो. ज्या माणसाचा आवाज इतका ओळखीचा, त्याचा चेहरा बघताना अवघडल्यासारखं झालं. ती बारीक आहे. डोळ्यांखाली काळं. जनकाबाईंनी चहा दिला, मला "बसा भाऊ" म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांडी घासण्याचा आवाज येत राहिला. खूप वेळ येत राहिला. दोन कपांना तेवढा वेळ लागत नाही.

महामायानं कामावर परत घेण्यासाठी अपील केलं आहे.

"वकील म्हणते, दादा," ती म्हणाली, "तुमी तुमची साक्ष बदलली तं होऊ शकते. आवाज ऐकला नाही, नुसती खरखर होती, वैमानिकाचा गैरसमज झाला. आन् फोन तुमी केला होता तो यंत्र बिघडलं म्हणून. एवढंच सांगाचं."

"आणि तुम्ही परत त्या खुर्चीवर बसाल."

"हाव."

"ताई, परत तसंच झालं तर?"

ती अंगणाकडे बघत राहिली. वरून एक विमान चाललं होतं. तिनं मान वर केली नाही. आवाजावरूनच म्हणाली, "छत्तीस हजारावर असंल."

मग म्हणाली, "मले दुसरं काई येत नाही, दादा. आईनं माह्यासाठी जे केलं ते मी तिले कसं परत देऊ? घरात बसून?"



निघताना तिनं मला फाटकापाशी थांबवलं. "शेवटी, लाइन कट झाल्यावर... तो आवाज अजून काही म्हणला का? माह्या नावानं?"

"नाही," मी म्हणालो.

तिला मी दुसऱ्यांदा खोटं सांगितलं.

सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. खरं सांगितलं तर त्या पोरीचं आयुष्य मी माझ्या हातानं पुरतो. खोटं सांगितलं तर ती पुन्हा बटण दाबून बोलायला लागेल, आणि वर कोणाची तरी आई, कोणाचं तरी लेकरू बसलेलं असेल.

रोज रात्री तिचा मेसेज येतो. "दादा, ठरलं का?"

मी "हो" लिहितो. पुसतो. "नाही" लिहितो. तेही पुसतो.

आजही तसाच बसलोय, फोन हातात घेऊन.